शिकवणारा माणूस : भिडेवाड्यापासून आपल्या विहारातल्या अभ्यासिकेपर्यंत



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार शब्द लिहा, असं कार्यकारिणीने सांगितलं. मी लेखक नाही. गिरणीत रिंग खात्यात आयुष्य गेलं. निम्मं शिक्षण रात्रशाळेत झालं आणि निम्मं विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा भाषा इकडची तिकडे झाली तर सांभाळून घ्या. विषय मात्र मी मुद्दाम निवडला आहे. गरीब वस्तीत शिकवणारा माणूस, हा तो विषय. आपल्या समाजाच्या इतिहासात लढे आहेत, मोर्चे आहेत, परिषदा आहेत. त्यांच्यावर लिहिलं जातं आणि लिहिलंच पाहिजे. पण कंदिलाजवळ चार पोरं घेऊन बसलेल्या माणसाचा इतिहास कोणी लिहीत नाही. त्याच्यावाचून बाकीचा इतिहास घडला नसता.

सुरुवात स्वतःपासून करतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात माझे वडील होते. पहिले काही महिने निभावले. मग घरातली भांडी एकेक करून दुकानात गेली. आई दुसऱ्यांच्या घरी कामाला लागली आणि मी शाळा सोडून चहाच्या टपरीवर पोऱ्या म्हणून राहिलो. माझ्या वर्गातली आणखी पाच-सहा पोरं अशीच गळाली. शाळेच्या पटावर आमच्या नावापुढे नुसती गैरहजेरी पडत होती. कायद्याने पाहिलं तर शाळेचं काम तिथेच संपत होतं.

एका संध्याकाळी महापालिकेच्या शाळेतल्या आमच्या बाई तीन जिने चढून आमच्या खोलीत आल्या. बसायला खुर्ची नव्हती, पत्र्याच्या ट्रंकेवर बसल्या. आईने कोरा चहा दिला, तो प्यायल्या. ‘पोराला शाळेत का पाठवत नाही’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘हा कामावरून किती वाजता सुटतो?’ आई म्हणाली, ‘बाराला.’ बाई म्हणाल्या, ‘मग मी याला दुपारच्या अधिवेशनात घालते. उशीर झाला तरी वर्गात घेईन. पण पाठवा.’ मी सातवी पास झालो तो त्या एका वाक्यामुळे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर खोटेपणा होईल. याच शिक्षणाच्या वाटेवर मला एक असे मास्तर भेटले, की शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या दिवशी भर वर्गात म्हणायचे, ‘चला, जयभीमवाले उभे राहा, तुमचे पैसे आलेत.’ नाव घेत नाही, शाळाही सांगत नाही. पण आम्ही उभे राहायचो तेव्हा मान खाली जायची, आणि एकदा खाली गेलेली मान पुस्तकात लवकर वर येत नाही. बाईंचं पदवीचं कागद आणि त्या मास्तरांचं पदवीचं कागद सारखंच असणार. फरक कुठे होता, याचा विचार मी गेली चाळीस वर्षं करतो आहे.

उत्तर शोधताना पहिली आठवण होते ती चूळपंथकाची. ही गोष्ट आपल्या विहारात वर्षावासात सांगितली जाते. चूळपंथक भिक्खू झाला, पण चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक विद्वान होता. तो म्हणाला, तुझ्याच्याने काही व्हायचं नाही, घरी जा. चूळपंथक रडत निघाला. वाटेत भगवान बुद्ध भेटले. त्यांनी त्याला परत आणलं, एक स्वच्छ कापडाचा तुकडा हातात दिला आणि सांगितलं, हे चोळत राहा आणि ‘रजोहरणं’ म्हणजे मळ निघून जावो, एवढंच म्हण. कापड हाताच्या घामाने मळत गेलं. ते पाहता पाहता अनित्य म्हणजे काय ते त्याला कळलं आणि तो अर्हत झाला. महापंथक विद्वान होता यात शंका नाही. पण विद्यार्थ्याला गाथा येत नाही म्हटल्यावर त्याने विद्यार्थी बदलायचं ठरवलं. तथागतांनी धडा बदलला. आपण बुद्धांना शास्ता म्हणतो, मार्गदाता म्हणतो. शिकवणारा कसा असावा याचा आपल्याकडचा पहिला पाठ हाच आहे.

पुढे हजारो वर्षं या देशात आपल्याला विद्येचा दरवाजा बंद होता, ते नव्याने सांगत नाही. दरवाजा उघडला पुण्यात. १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. मग महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. सावित्रीबाई शाळेत जायला निघाल्या की लोक शेण-चिखल मारायचे, म्हणून त्या बरोबर दुसरं लुगडं नेत, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण मला त्याच्याइतकीच मोठी वाटते ती एक छोटी गोष्ट. आजारपणात त्या माहेरी नायगावला होत्या. तिथून ऑक्टोबर १८५६ मध्ये जोतिबांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची काळजी केली आहे. आपण तिकडे नाही, तिला एकटीला त्रास पडत असेल, हे त्या बाईच्या मनात होतं. अंगावर शेण झेलणं एका दिवसाचं धैर्य म्हणता येईल. आजारी असताना सोबतच्या बाईचा आणि कामाचा विचार सुटत नाही, ते व्रत.

या शाळांनी काय दिलं? तर मुक्ता दिली. मांग समाजातली ही मुलगी जोतिबांच्या शाळेत शिकली. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या माणसांचं दुःख आपल्याच लेकीने शाईने लिहिलं, ते बाबासाहेबांच्या जन्माच्या छत्तीस वर्षं आधी! त्याच १८५५ साली फुले दांपत्याने आपल्या राहत्या घरी रात्रीची शाळा काढली. दिवसभर शेतात आणि मजुरीवर राबणारे बाया-माणसं तिथे शिकायला येत. म्हणजे रात्रशाळा ही काही मुंबईच्या गिरण्यांची देणगी नव्हे. ती फुल्यांच्या घरातून आली आहे.

जोतिबांनी शिक्षक कसा हवा हेही लिहून ठेवलं आहे. १९ ऑक्टोबर १८८२ ला त्यांनी हंटर कमिशनला निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही मागणी सर्वांना माहीत आहे. पण शिक्षकांबद्दल त्यांनी जे सांगितलं ते फार जण वाचत नाहीत. शिक्षक शक्यतो कष्टकरी जातींतले, ट्रेनिंग घेतलेले असावेत. सोवळं सांभाळून दूर बसणारा मास्तर मुलांच्या उपयोगाचा नाही. गरज पडली तर नांगर किंवा सुताराचं हत्यार हाती धरता येईल, खालच्या थरातल्या लोकांत सहज मिसळता येईल, असा माणूस हवा. आणि अशा शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नये, मोठ्या गावात पंधरा-वीस द्यावा. इथे नीट लक्ष द्या. जोतिबांनी व्रत मागितलं, पण उपाशीपोटी मागितलं नाही. शिकवणं ही सेवा आहे असं म्हणायचं आणि शिकवणाऱ्याला अर्ध्या पगारावर राबवायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. आज ठिकठिकाणी कंत्राटावर, तासिकेवर शिकवणारी आपली मुलं-मुली पाहिली की ते बारा रुपये आठवतात.

पुण्यातलं हे बीज आपल्या परळ भागात यायला वेळ लागला. इथे गिरण्या आल्या, कोकणातून आणि घाटावरून आपली माणसं आली, गोदीत, रेल्वेत, गिरणीत लागली. पण पोरांना शाळा कुठली? महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा १८ ऑक्टोबर १९०६ ला इथेच परळला काढली. त्यांच्या भगिनी जनाबाई यांनीही मिशनच्या कामाला वाहून घेतलं. पुढे बाबासाहेबांचे आणि मिशनचे मतभेद झाले. दुसऱ्यांनी आपला उद्धार करावा ही कल्पनाच बाबासाहेबांना पटणारी नव्हती. ते बरोबरच होतं. तरीही गिरणीच्या आसऱ्याने राहणाऱ्या मुलांच्या हातात पाटी दिली, त्यांचं ऋण आपण विसरू नये.

त्याच सुमारास याच परळमध्ये, डबक चाळीतल्या एका खोलीत, सुभेदार रामजी बाबा आपल्या भिवाला शिकवत होते. एकच खोली. त्यात संसार, जळण, जातं, सगळं. पोराने लवकर झोपावं, बाप जागा राहणार. रात्री दोनला बाप पोराला उठवणार आणि दिव्याच्या उजेडात तो पहाटेपर्यंत अभ्यास करणार. पुस्तकाला पैसे नसले तर सुभेदार लेकींच्या घरी जाऊन दागिना मागून आणत आणि गहाण टाकत. म्हणून मी म्हणतो, आपल्या वस्तीतले पहिले गुरुजी म्हणजे सुभेदार रामजी.

शाळेत मात्र बाबासाहेबांना दोन्ही तऱ्हेचे मास्तर भेटले. साताऱ्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं आणि शिपाई आला नाही तर तहानलेलं राहायचं. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून पोरं डबे उचलायला धावली. पण चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा हा मुलगा एका माणसाच्या नजरेत भरला. ते म्हणजे विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर. बाबासाहेब त्यांच्या शाळेत नव्हते, त्यांच्या वर्गात नव्हते. तरी केळुसकर गुरुजींनी विचारपूस केली, पुस्तकं द्यायला सुरुवात केली. १९०७ साली मॅट्रिक झाल्याबद्दल सत्काराची सभा झाली, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र बाबासाहेबांना भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तर त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

बंधूंनो, ते पुस्तक आणि १४ ऑक्टोबर १९५६ यांच्यामध्ये एकोणपन्नास वर्षं आहेत. एका शिक्षकाने बागेत बसलेल्या परक्या पोराच्या हातात पुस्तक ठेवलं. त्याचं काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं. शिकवणाऱ्याला पीक बघायला मिळेलच असं नाही. तरी तो पेरतो.

बाबासाहेब स्वतःही शिक्षक होते, हे आपण बॅरिस्टर आणि घटनाकार म्हणताना विसरतो. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात ते प्रोफेसर होते, आणि तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यावरून काहींनी हरकत घेतली होती. १९२५ ते १९२८ बाटलीबॉय इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तिचं कार्यालय आपल्या परळच्या दामोदर हॉलमध्ये. सभेच्या उद्देशांत आधी काय? वसतिगृहं, वाचनालयं, अभ्यासमंडळं. पुढे १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. तिथले वर्ग सकाळी भरत, म्हणून कारकुनी करणारी आपली पोरं शिकून कामावर जाऊ शकली. पहा, माझ्या बाईंनी तेच केलं होतं. पोराच्या पोटाची वेळ बदलता येत नाही, तर शाळेची वेळ बदलायची.

गिरणीत तर शिकू न देण्याची वेगळीच तऱ्हा होती. जुन्या लोकांनी हे भोगलं आहे. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा विटाळ! म्हणून आपण रिंग खात्यात. गिरणीतलं काम काही कॉलेजात शिकवत नाहीत, ते साच्याजवळ उभं राहून दुसऱ्याकडून शिकायचं असतं. जिथे उभंच राहू देत नाहीत तिथे शिकणार कसं? हा अन्याय बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. शिकवायला नकार देणं म्हणजे भाकर हिसकावणं, हे गिरणी कामगाराला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

विदर्भातल्या जाईबाई चौधरींचं नाव आपल्या महिला मंडळाने तरी पाठ ठेवावं. डोक्यावर ओझी वाहणारी ही बाई एका मिशनरी बाईच्या मदतीने शिकली, शिक्षिका झाली. मुलांना शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच पालकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. ती रडत बसली नाही. १९२२ साली तिने नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. एका वर्गातून हाकललं, तिने शाळा उभी केली.

आता आपल्या घराकडे येतो. मी १९९० ला बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो आणि रात्रशाळेत नाव घातलं. पहिली पाळी असली की साडेतीनला सुटून संध्याकाळी शाळा. दुसरी पाळी आली की आठवडाभर शाळा बुडायची. आमचे एक सर होते. दिवसा दुसऱ्या शाळेत शिकवून रात्री आमच्याकडे येत. दुसऱ्या पाळीवाल्या पोरांना त्यांनी रविवारी सकाळी बोलवायला सुरुवात केली. कुठे? याच आपल्या विहारात. वंदना झाली की चटई तशीच ठेवायची आणि बीजगणित सुरू. १९९४ ला तेवीसाव्या वर्षी मी दहावी झालो. सरांना त्या रविवारांचा एक पैसा मिळाला नाही. त्यांनी मागितलाही नाही, आणि आम्ही देऊ केला नाही याची आज लाज वाटते.

त्याच रविवारांतून आपली अभ्यासिका उभी राहिली. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या, एकेका खोलीत आठ-नऊ माणसं. पोरं जिन्यात, गॅलरीत, म्युनिसिपालटीच्या दिव्याखाली अभ्यास करायची. त्यांना विहारात दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा मिळाला. सरकारी ऑफिसात कारकून असलेले आपले एक काका रोज संध्याकाळी सात ते नऊ गणित घ्यायचे. पोरगं चुकलं तर ‘ढ’ म्हणायचे नाहीत. ‘कुठपर्यंत बरोबर आहे ते दाखव’ म्हणायचे. त्या चटईवरून नर्स झाल्या, बेस्टमध्ये लागले, वकील झाले, दोघंजण स्वतः शिक्षक झाले. नावं लिहीत नाही, एक राहिलं तर रुसवा. ज्याचं त्याला माहीत आहे.

काका गेल्यावर काही वर्षं मी आणि माझ्या बरोबरीच्या दोघांनी पाचवी ते सातवीचे वर्ग घेतले. मार्च २०२० ला टाळेबंदी आली, आमची गिरणी थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही. मीही खचलो आणि वर्ग थांबला. खरं सांगायचं तर टाळेबंदी उठल्यावरही मी तो सुरू केला नाही. माझ्या नातवंडांना पैसे भरून क्लासला घातलं आणि शेजारच्या पोरांचा विचार सोडला. ही माझी कबुली आहे. दुसऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी ती दिली पाहिजे.

आज अभ्यासिकेच्या खोलीत मंडपाचं सामान आणि खुर्च्या भरल्या आहेत. आपल्यातल्या काही मंडळींचं मत आहे की ती खोली कार्यक्रमांसाठी भाड्याने द्यावी, विहाराला उत्पन्न होईल. त्यांचा हेतू वाईट नाही. विहाराचा खर्च मलाही ठाऊक आहे. दुसरे म्हणतात, आता अभ्यासिका हवी कशाला? पुनर्विकास होतो आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, उद्या आपल्यालाही मिळतील. पोरांना स्वतःची खोली असेल, हातात मोबाईल आहे.

यावर माझं म्हणणं एवढंच आहे. डबक चाळीत जागा नव्हती, पण दोनला उठवणारा बाप होता. चर्नी रोडच्या बागेत भिंतसुद्धा नव्हती, पण विचारपूस करणारे केळुसकर गुरुजी होते. आम्हाला आजवर जागेने शिकवलं नाही, माणसाने शिकवलं. मोठं घर मिळेल, त्याचा आनंद आहे. पण आपल्या चाळीत आजही आठवी-नववीत गळालेली पोरं आहेत. ती दुपारच्या वेळी कुठे उभी असतात ते तुम्ही रोज पाहता. त्यांच्या घरी जिने चढून कोण जाणार? मोबाईल जिना चढत नाही.

आणि आणखी एक. दरवाजे बंद झालेली इतकी घरं एकावर एक रचली गेली, की कोणाचं पोर शाळेत जात नाही हे शेजाऱ्यालाही कळणार नाही. चाळीच्या गॅलरीत ते आपोआप कळायचं. म्हणून अभ्यासिकेची गरज कमी होणार नाही, वाढणार आहे.

तेव्हा कार्यकारिणीला माझी नम्र विनंती आहे. ती खोली भाड्याने देऊ नका. सामान दुसरीकडे हलवू, हलवायला मी येतो. आपल्यातले जे शिकून मोठे झाले, ठाण्याला, कल्याणला, पनवेलला राहायला गेले, त्यांनी देणगी जरूर द्यावी. पण वर्धापनदिनाला पाचशे एक रुपयांची पावती फाडणं सोपं आहे, मंगळवारी संध्याकाळी येऊन अपूर्णांक शिकवणं अवघड आहे. आम्हाला ते अवघड हवं आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ द्या, दोन तास. रोज शिकवणारी मुलगी किंवा मुलगा मिळाला तर त्याला विहाराच्या निधीतून रीतसर मानधन द्यावं. जोतिबांचे बारा रुपये लक्षात ठेवावेत.

पाचवी ते सातवीचं गणित मला अजून येतं. वर्धापनदिनानंतरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता मी चटई टाकून बसणार आहे. एक पोरगं आलं तरी वर्ग होईल. कोणी आलं नाही, तर आठ वाजता उठून मी जिने चढायला सुरुवात करीन.

नमो बुद्धाय. जयभीम.